निर्मूलन, उच्चाटन की हद्दपारी?

कडुनिंब: हिवतापावरच्या एका पुस्तिकेचा अनुवाद करतोय. १९५३ साली आपल्याकडे 'नियंत्रण' कार्यक्रम सुरू झाला, १९५८ साली त्याचा 'इरॅडिकेशन' कार्यक्रम झाला आणि आता २०३० पर्यंत 'एलिमिनेशन' साधायचं आहे. मराठीत शेवटच्या दोन्हींना सर्रास निर्मूलनच म्हणतात. माझ्या मजकुरातलं एक वाक्य त्यामुळे 'हे निर्मूलन आहे, निर्मूलन नव्हे' असं होऊन बसलंय! एलिमिनेशनमध्ये रोगाचा प्रसार एका प्रदेशापुरता थांबतो, इरॅडिकेशनमध्ये देवीच्या रोगासारखा तो जगातूनच जातो. इरॅडिकेशनसाठी उच्चाटन चालेल का?

पारंबी: नको. जारण-मारण-उच्चाटनातला तो शब्द. अर्थ जागेवरून हुसकावणं. इरॅडिकेशनमध्ये लॅटिन 'रादिक्स' म्हणजे मूळ आहे, तेव्हा निर्मूलन तिथेच शोभतं. एलिमिनेशनमध्ये 'लिमेन' म्हणजे उंबरा. रोगाला उंबऱ्याबाहेर काढायचं, तर 'हद्दपारी' म्हणा.

कडुनिंब: हद्दपारी आवडली, पण गुंडांची आठवण होते. शब्द जपून वापरायचाय, कारण १९६५ च्या सुमारास रुग्ण लाखापर्यंत उतरले होते आणि १९७६ ला ६४ लाखांवर गेले. निर्मूलन म्हणता म्हणता झालं होतं ते हे.

जुनी_विहीर: हिवताप कोण म्हणतं हो? तो फक्त जिल्हा हिवताप अधिकाऱ्याच्या पाटीवर. आमच्या गावात बोटातून रक्त घेऊन भिंतीवर तारीख लिहून जायचा तो 'मलेरियावाला'.

शब्दनिष्ठ: आजी काय म्हणायची ते आठवा. 'हीव भरलंय' हेच ना? मलेरिया म्हणजे इटालियनमध्ये वाईट हवा. २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादेत डॉ. रोनाल्ड रॉसना डासाच्या जठराच्या भित्तीत हिवतापाचे परजीवी दिसले, त्या दिवशीच ते नाव खोटं ठरलं. मुंबईतल्या मलेरियाची कारणं शोधणाऱ्या डॉ. बेंटलींच्या १९११ च्या अहवालानेही बोट ठेवलं ते विहिरींवर आणि टाक्यांवर, हवेवर नाही. चुकीची समजूत नावात का सांभाळायची?

जुनी_विहीर: आजी 'हीव भरलंय' म्हणायची आणि 'मलेरियावाला आला' असंही म्हणायची. दोन्ही शब्द तिचेच होते. व्युत्पत्ती चुकली म्हणून तिचा शब्द परका होत नाही.

तिठा: आजोबांच्या वहीत 'विषमज्वर' आहे. मी मलेरिया समजून बसले, भावाने टायफॉइड म्हणून भांडण काढलं. खरं कोण?

पारंबी: दोघंही. आयुर्वेदात विषमज्वर म्हणजे सोडून सोडून येणारा ताप: अन्येद्युष्क, तृतीयक, चतुर्थक. वर्तमानपत्री मराठीत तो टायफॉइड झाला. तृतीयक एक दिवसाआड येतो, म्हणजे दर ४८ तासांनी, व्हायवॅक्स या जातीचे हिवतापाचे परजीवी तांबड्या पेशी फोडतात तेव्हा. पहिला दिवसही मोजायचा म्हणून 'तिसरा'. वहीत ताप किती दिवसांआड यायचा, त्या पाळीचा उल्लेख आहे का पाहा.

तिठा: पाळी लिहिलेली नाही. पण पुढच्याच ओळीत 'कोयनेल घेतले' असं आहे.

पारंबी: कोयनेल म्हणजे मलेरियाचं औषध. मग भावाला सांगा, मलेरियाच!

शब्दनिष्ठ: कोयनेल ही क्विनाईनची अपभ्रष्ट नक्कल आहे. पुस्तिकेत क्विनाईनच लिहावं.

जुनी_विहीर: अजिबात नाही. 'कोयनेलसारखं कडू' असं म्हणतात आमच्याकडे. क्विनाईनसारखं कडू कुणी म्हटलंय?

कडुनिंब: पुस्तिका उद्या छपाईला जातेय. हद्दपारी की निर्मूलन?

तिठा: वहीत 'कोयनेल' पाच ठिकाणी आहे आणि एका ठिकाणी 'क्वायनेल'. कोणतं जुनं?