बी.कॉम.चे व्यावसायिक इंग्रजी: पाठ केलेला साचा की पुनर्लेखन?

धागाकर्ती (वाणिज्य शाखेच्या अध्यापिका):
मुंबई विद्यापीठाच्या प्रथम वर्ष बी.कॉम.ला मी बिझनेस कम्युनिकेशन शिकवत आले आहे. चौकशीपत्र, तक्रारपत्र, माहिती अधिकाराचा अर्ज हे सारे फुल ब्लॉक मांडणीत, म्हणजे प्रत्येक ओळ डाव्या समासापासून सुरू करून, विद्यार्थी पाठ करतात आणि गुणही मिळवतात. मात्र खरी तक्रार लिहायला सांगितली, की 'माल खराब निघाला, योग्य ती कार्यवाही करावी' यापुढे लेखणी सरकत नाही. किती खोकी आली, त्यांतली किती फुटली, बदली माल हवा की पैसे परत, हे कोणी लिहीतच नाही. एकच पत्र तीनदा लिहून घ्यावे आणि व्याकरणाआधी 'हे वाचून पुरवठादार नेमके काय करील?' एवढेच विचारावे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद (मराठी माध्यमातून आलेला लेखापाल):
मॅडम, आमच्या तुकडीत शंभरावर मुले होती. तीन-तीनदा वह्या तपासणार कोण? 'विथ रेफरन्स टू युवर लेटर' ही ओळ पाठ होती, म्हणूनच नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी बँकेला पत्र लिहू शकलो. ज्यांच्या घरी इंग्रजी बोलले जाते, त्यांनाच साच्याची चेष्टा परवडते.

प्रतिसाद (निर्यात व्यवसायातील वाचक):
साच्याबरोबर 'प्लीज डू द नीडफुल' (कृपया आवश्यक ते करावे) हेही अंगवळणी पडते आणि परदेशी ग्राहक 'म्हणजे काय करू?' असे उलट विचारतो. मुळात उणीव इंग्रजीची नाही. 'पत्र लिहिण्यास कारण की' म्हणत नमस्कारानंतर थेट मुद्द्यावर येण्याची शिस्त आपल्या पत्रलेखनातच होती. आधी मराठीत नेमके काय हवे ते लिहवून घ्या.

लेखापाल:
हे पटत नाही. 'सहा खोकी फुटल्यामुळे ती बदलून मिळावीत' याचे शब्दशः इंग्रजी करताना मी 'अ‍ॅज' (कारण) आणि 'सो' (म्हणून) एकाच वाक्यात घालत असे, जिथे इंग्रजीत एकच पुरतो; ती खोड जायला दोन वर्षे लागली.

धागाकर्ती:
शंभर मुलांचा आक्षेप मान्य आहे, शब्दशः भाषांतराचाही. म्हणून पहिला खर्डा मी तपासत नाही. शेजारचा विद्यार्थी पुरवठादार होऊन त्याला उत्तर लिहितो, आणि त्या उत्तरात एकही प्रश्न उरला, तर पत्र पुन्हा लिहायचे. साचा पहिल्या महिन्यापुरता राहू द्या; परीक्षेत मात्र त्यालाच गुण मिळतात, तोवर माझे ऐकणार कोण, हेही खरेच.