रात्री नऊनंतर वाय-फाय का रडतं?
(सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं; आकडे म्हणजे फ्लॅट नंबर)

४०२: रात्री नऊ वाजले की आमचं वाय-फाय रडायला लागतं. काल लेकीची मुलाखत ऐन मध्यात अडकली, बिचारी रडवेली झाली. इंटरनेटवाल्याचा माणूस म्हणतो लाइन ठीक आहे. चार अँटेनावाला मोठा राऊटर घेऊ का?

३०१: काकू, थांबा, इतक्यात नका घेऊ. आधी लॅपटॉप लॅन केबलने, म्हणजे वायरने, थेट राऊटरला जोडून स्पीड बघा. इंटरनेट राऊटरपर्यंत येतं. तिथून मोबाइलपर्यंतचा हवेतला टप्पा म्हणजे वाय-फाय. नेमकं कुठे अडतंय ते कळेल.

४०२: केबलवर पूर्ण स्पीड आला!

३०१: म्हणजे अडचण हवेत आहे. रात्री सगळ्या घरांची वाय-फाय एकदम चालतात. मी आत्ता जिन्यात उभा राहून मोबाइलवर स्कॅन केलं. २.४ गिगाहर्ट्‌झवर १९ नेटवर्क दिसली. हा लहरींचा पट्टा चॅनलमध्ये वाटलेला असतो, रस्त्यावरच्या लेनसारखा. कुणी चॅनल ३ वर, कुणी ४, कुणी ९. इथेच घोळ आहे. शेजारच्या दोन चॅनलमध्ये अंतर ५ मेगाहर्ट्‌झचं, पण एक नेटवर्क जागा अडवतं साधारण २० मेगाहर्ट्‌झ. त्यामुळे ३ वरचा राऊटर १ वाल्यालाही छळतो आणि ६ वाल्यालाही. १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत.

५०३: पण सगळे त्या तिघांवरच आले तर गर्दी होणारच ना?

३०१: होईल दादा, पण ती बरी. एकाच चॅनलवरचे राऊटर एकमेकांचं ऐकतात. हवा मोकळी आहे का ते बघून मगच बोलतात, पाळी लावतात. चॅनल अर्धवट चढला की पलीकडचं बोलणं कळतच नाही, नुसता गोंगाट होतो आणि तोच डेटा पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो. आणि २.४ वर चॅनलची रुंदी ४० मेगाहर्ट्‌झ असेल तर २० करा, कळकळीची विनंती. एक ४० वाला निम्मा पट्टा खातो.

१०२: माझ्या खोक्यावर ८०२.११एसी लिहिलंय. ते काय?

३०१: काका, ८०२.११ हे आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचं वाय-फायसाठीचं मानक. पहिलं आलं १९९७ मध्ये, वेग सेकंदाला जेमतेम २ मेगाबिट. पुढची अक्षरं म्हणजे पिढ्या. ती लक्षात राहत नाहीत म्हणून २०१८ मध्ये वाय-फाय अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेने आकडे दिले: एन म्हणजे वाय-फाय ४, एसी म्हणजे ५, एएक्स म्हणजे ६. एसी ५ गिगाहर्ट्‌झवर चालतं. तिथे चॅनल पुष्कळ, पण लहरी भिंतीत लवकर दमतात. राऊटर ज्या खोलीत आहे तिथे ५ गिगाहर्ट्‌झ वापरा, आतल्या खोलीत २.४.

आणखी एक. त्या १९ मध्ये एक नेटवर्क अजून डब्ल्यूईपी या जुन्या पासवर्ड-सुरक्षेवर आहे. ते २००१ पासून फोडता येतं. ज्यांचं असेल त्यांनी राऊटरच्या सेटिंगमध्ये आजच डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षा निवडा. जमत नसेल तर मला हाक मारा, मी येतो.

४०२: ११ वर टाकलं, रुंदी २० केली. लेक आतल्या खोलीत कॉलवर आहे, अजून एकदाही तुटला नाही.

५०३: आम्ही ८ वर होतो काकू, बरोबर तुमच्या डोक्यावर. ६ वर गेलो.