मदत हवी आहे : पैलवानाच्या घरात ओट्स चालेनात! घरच्यांचं खाणं न भांडता कसं सुधारू?

पेठेतली_सून

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. घरात पाच माणसं : सासूबाई, सासरे, नवरा, मी आणि नऊ वर्षांचा लेक. आबा (सासरे) तरुणपणी लाल मातीतले पैलवान. आता वय ६८. आखाडा सुटून पस्तीस वर्षं झाली, खुराक काही सुटला नाही. पहाटे साडेपाचला गंगावेशीत जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध उभ्या उभ्या अर्धा लिटर पिऊन येतात. रात्री झोपताना आणखी पेलाभर. तुपाची वाटी ताटाशेजारी हवीच. जोर-बैठका मात्र बंद, गुडघे गेलेत.

दिवाळीनंतर सगळ्यांच्या तपासण्या केल्या. आबांचं एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची सरासरी) ६.३ आलं, बीपीची गोळी आधीपासून आहेच. डॉक्टर म्हणाले, अजून मधुमेह नाही पण उंबरठ्यावर आहात, खाण्याकडे बघा. नवऱ्याचं कोलेस्टेरॉल वाढलेलं. तो शिरोली एमआयडीसीत कामाला, आठवड्यातून चार दिवस सकाळी जाताना मिसळ, वर दोनदा कट मागून. लेकाच्या दप्तरात पाच रुपयांच्या खाऊच्या पुड्यांचा कचरा सापडतो.

यावर मी जे केलं ते ऐकून हसाल. एक जानेवारीला जाहीर केलं की आजपासून घरात साखर, मैदा, पॉलिश तांदूळ बंद. ब्राउन राइस आणला, ओट्सचा उपमा केला. तिसऱ्या दिवशी आबांनी ताट पुढं सरकवलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "हे घोड्याचं कुणाला केलंय?" उठून बाहेर गेले, जेवूनच आले. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. फक्त मी कमी तेलात केलेल्या आमटीला त्यांनी माझ्यासमोर दुसऱ्यांदा फोडणी दिली. त्या चर्रर्र आवाजात सगळं आलं.

साखरेऐवजी गूळ सुरू केला, तर 'गूळ चांगलाच असतो' म्हणून सगळे दुप्पट खायला लागले. तेलाचा हिशेब काढला : पाच लिटरचा डबा अठरा-वीस दिवसांत संपतो.

अडचण अशी की स्वयंपाकघर आईंचं (सासूबाईंचं) आहे. मी दहा ते सहा नोकरीला. भाजी चिरते, कणीक मळते, पण फोडणी त्यांच्या हातची. त्यांचा हात काढून घ्यावा असं मला वाटतही नाही. दोन गोष्टी आधीच सांगते : मटण बंद करा म्हणू नका, बुधवारी आणि रविवारी तांबडा-पांढरा होणारच. आणि घरात दोन वेगळे स्वयंपाक जमणार नाहीत.

कुणी असं केलंय का? सुरुवात कुठून करू?

---

लवंगी_मिरची

पहिलं म्हणजे ती १ जानेवारीची घोषणा आबांची माफी मागून मागे घे. :)

आमच्याकडे मी एकच केलं, कुणाला न सांगता. तेलाच्या किटलीऐवजी कट्ट्यावर छोटी बरणी आणि तिच्यात एक पळी. सकाळी दिवसभराचं तेल बरणीत काढायचं. संपलं तर परत काढायला कुणाची ना नाही. पण किटली तिरकी केली की किती पडतं ते दिसत नाही, पळीनं घातलं की दिसतं. महिन्याभरात आपोआप कमी झालं. माणशी महिन्याला अर्धा लिटर असा साधारण हिशेब धरतात, म्हणजे तुम्हाला अडीच लिटर पुरायला हवं. एकदम तिथे जाऊ नकोस. अठरा दिवसांचा डबा आधी पंचवीस दिवस जाऊ दे.

---

आहारवाली

मी आहारतज्ज्ञ आहे, त्यामुळे दोन गोष्टी जरा मास्तरकीच्या सुरात.

गूळ ही साखरच आहे. लोह वगैरे थोडं जास्त असतं, पण रक्तात जाऊन तो जे करायचं तेच करतो. कोल्हापूरकरांना हे सांगणं जिवावर येतं, तरीही. चहात दोन चमचे साखरेच्या जागी दोन चमचे गूळ घालून काही हाती लागत नाही. दीड चमचा करा, दोन आठवड्यांनी एक.

दुसरं, दूध. म्हशीच्या अर्धा लिटर दुधात पाचशेच्या आसपास कॅलरी आणि तीसेक ग्रॅम स्निग्धांश असतो. बैठका मारणाऱ्या गड्याला ते लागतं, गुडघे धरून बसणाऱ्याला साचतं. पण थेट 'दूध बंद' म्हणू नका, या वयात प्रथिनं आणि कॅल्शियम हवंच. रात्रीचा पेला साय काढलेल्या दुधाचा करा, नाहीतर ताकावर आणा. आणि धारोष्ण कितीही ताकदीचं म्हटलं तरी कच्च्या दुधातून जंतू येतात. किटलीतून घरी आणून उकळून प्यायलेलं बरं.

कुणी 'कमी सोडियमचं मीठ' सुचवलं तर जपून. त्यात पोटॅशियम असतं, बीपीच्या काही गोळ्यांबरोबर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ते महागात पडतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

---

तालमीतला

वहिनी, वस्तादांना कॅलरी सांगू नका. ते माणूस ऐकणार न्हाई. माझा बाप पण पैलवानच. त्याला आम्ही काय सांगितलं माहिताय? "दादा, मेहनत बंद झाली की खुराक कमी करायचा, हे तुम्हीच पोरांना सांगत होता की." तालमीतलाच नियम हाय. जुना वस्ताद पोराला आखाडा सोडताना तूप कमी कर म्हणूनच सांगतोय. स्वतःला लावायचं तेवढं राहून जातंय. त्यांच्याच शब्दात त्यांना सांगा, ते पण तुम्ही नको, त्यांच्या जोडीच्या कुणालातरी सांगू दे.

आणि पहाटे गंगावेशीत चालत जाऊ दे. दूध राहू दे नायतर सुटू दे, चालणं मोडू नका.

बाकी मिसळीतला कट कमी करा म्हणणाऱ्यांनी कोल्हापुरात राहू नये. :)

---

उद्यमनगरी

@तालमीतला, भावा, स्टेंट पडल्यावर मी पण राहतोयच की कोल्हापुरात.

मिसळीत मटकी चांगलीच असते, तिच्यावर कुणाचा राग नाही. राग वरच्या तवंगावर, मूठभर फरसाणावर आणि चार-चार ब्रेडच्या स्लाइसवर. मी कट वेगळ्या वाटीत मागतो, वरचं तेल चमच्यानं बाजूला सारतो आणि दुसऱ्यांदा मागत नाही. आधी लाज वाटायची. आता आमच्या टेबलावरचे आणखी दोघं तसंच करतात. चार दिवसांचे दोन करा, झालं.

---

आजऱ्याची_माहेरवाशीण

एक विचारू? तुमच्या घरी भाकरी होते का? सगळ्या मजकुरात ओट्स आहेत, ब्राउन राइस आहे, कणीक आहे. कोल्हापुरात पैलवानाच्या घरात भाकरीचं नावच नाही, याचं नवल वाटलं. कधी बंद झाली? का?

---

पेठेतली_सून

सगळ्यांचे आभार. तेलाची बरणी आजच काढली. आईंना सांगितलं की किटलीचं झाकण सैल झालंय. (झालंय खरंच.)

@आजऱ्याची_माहेरवाशीण, मी लग्न होऊन आले तेव्हा भाकरी व्हायची. मग चपातीच सुरू झाली. लेकाला चपाती आवडते म्हणून असेल असं मी धरून चालले होते. विचारते.

---

पेठेतली_सून (चार दिवसांनी)

विचारलं. आणि मला माझीच लाज वाटली.

रात्री भांडी घासताना सहज विषय काढला, "आई, आपल्याकडे भाकरी का होत नाही हो?" त्यांनी उजवा हात पुढं केला. २०१९ मध्ये गच्चीत पापड वाळत घालताना पडल्या होत्या, मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, सगळे विसरले. त्या म्हणाल्या, "थापायला जोर लागतोय गं. दोन थापल्या की मनगट धरतंय. पाच माणसांच्या भाकरी कोण थापणार? चपाती तू तरी लाटतीस."

सहा वर्षं. घरात कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मी मात्र आबांची जीभ, लेकाचे लाड, बाहेरचं खाणं, सगळ्यांना दोष देऊन बसले होते.

तर आता मी भाकरी शिकतेय. पहिल्या दिवशीच्या भाकरीचा नकाशा झाला, त्यात चंदगडपासून शिरोळपर्यंत सगळे तालुके होते. आई पाटावर बसून शिकवतात. पाणी कडकडीत हवं. पीठ एका वेळी एकाच भाकरीचं मळायचं, तळव्यानं रगडून. कडा फाटायला लागल्या की पीठ जुनं. आठवड्याचंच दळप आणायचं, महिन्याचं नाही. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकायच्या आत उलटायची. हे शेवटचं मला अजून जमत नाही.

आबा काय म्हणाले ते ऐका. जाड, एका बाजूला करपलेली भाकरी, वर खर्डा, शेजारी वांग्याची भाजी. अर्धी संपवून म्हणाले, "कच्ची हाय. उद्या पण कर."

---

आजऱ्याची_माहेरवाशीण

वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आईचंही असंच झालं होतं, म्हणून विचारलं.

आता पुढचं. शाळूचं (ज्वारीचं) पीठ जमलं की त्यात नाचणी मिसळ. आधी चारास एक. नुसत्या नाचणीच्या पिठाला चिकटपणा नसतो, त्याची उकड काढावी लागते, तिथे एवढ्यात जाऊ नकोस. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, सासूबाईंच्या हाडांनाही बरं. गगनबावडा, आजरा, चंदगड या बाजूची नाचणी लक्ष्मीपुरीत मिळते. 'मिलेट' लिहिलेल्या चकचकीत पुड्याला तिप्पट पैसे देऊ नकोस.

आणि भाकरी आली की ताट आपोआप बदलतं, हे बघशील. तिच्याबरोबर पातळ भाजी लागते, चाकवत लागतो, अंबाडी, पोकळा, झुणका, ताक लागतं.

---

आहारवाली

एक जोडते. शाळूची असो की नाचणीची, भाकरीतही पिष्ट आहेच. 'भाकरी चालते' म्हणून आबांनी चार खाल्ल्या तर साखर वाढणारच. दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ किंवा आमटी आणि दोन वाट्या भाजी, असं बसवा. मटणाच्या दिवशी ताटात भाजी नसते, तेव्हा निदान काकडी-कांदा-मुळा भरपूर चिरून ठेवा. रश्शाचं पातेलं आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवता आलं तर सकाळी वर गोठलेली चरबी चमच्यानं निघते. चवीला काही होत नाही.

एचबीए१सी तीन महिन्यांनीच परत करा. ते मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं, आधी करून जीव घाबरा करण्यात अर्थ नाही.

---

लवंगी_मिरची

रस्सा आदल्या रात्री? कोल्हापुरात? आहारवाली ताई, तुम्ही पुण्याच्या का?

(चरबीचं बरोबर आहे. पण अळणी (मटण शिजवलेलं पाणी) आदल्या रात्री काढून ठेवा आणि फोडणी सकाळी द्या, म्हणजे दोन्ही साधतं.)

लेकाचं कुणीच बोललं नाही. पुड्यांवर बंदी घालू नकोस, नाहीतर शाळेत मित्राचे खाईल. घरात साठा करायचा नाही, एवढंच. हवा असेल तर त्यानं स्वतः कोपऱ्यावर जाऊन एकच आणायचा. आणि घरात समोर दिसेल असं भडंग, फुटाणे, भाजलेले शेंगदाणे. पोरं समोर असेल ते खातात.

---

पेठेतली_सून (सव्वा महिन्यानंतर)

कुठवर आलंय ते सांगते.

भाकरी आता आठवड्यातून पाच दिवस. फुगते. रविवारी नवरा थापतो! सुरुवात माझी टिंगल करायला केली होती, पण त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला निघाला. फौंड्रीतला माणूस, तापलेल्या तव्याची भीती नाही. आई मोढ्यावर बसून त्याला ओरडतात, त्यालाही बरं वाटतं बहुतेक.

तेलाचा डबा सव्वीस दिवस गेला. ओट्सचा उरलेला पुडा कामाच्या मावशींना दिला, त्यांनीही परत आणून दिला.

मिसळ चाराची दोन-तीनवर. लेकाचे पुडे कमी झालेत, थांबले नाहीत. मुळा तोंडात धरत नाही, चाकवत भाकरीबरोबर कुस्करून दिला तर खातो, ताटात वेगळा दिसला तर नाही.

आबांचं दूध. त्यांच्या जोडीच्या एका पैलवान मित्राला मी सगळं सांगितलं, त्यांनी पारावर विषय काढला. त्या रात्री आबा स्वतःच म्हणाले, "रातच्याला ताक दे. दूध पचत न्हाई अलीकडं." पचत नाही म्हणे! मी मान खाली घालून ताक दिलं. पहाटेचं अर्धा लिटर तसंच चालू आहे, तेही धारोष्णच. त्याला अजून हात लावलेला नाही.

आता नवीन प्रश्न. वर्षाची चटणी करायची वेळ आलीय. आमच्याकडे कांदा-लसूण चटणीत मीठही डंकावरच (चटणी कुटून देतात तिथेच) घालतात, आणि पुन्हा भाजीत वेगळं पडतं. आबांच्या बीपीसाठी चटणीतलं मीठ कमी करायचं म्हटलं तर आई म्हणतात, टिकणार नाही, बुरशी येईल. त्यांचं बरोबर आहे का?

---

आजऱ्याची_माहेरवाशीण

सासूबाईंचं बरोबर आहे. ओलसर कांदा-लसूण असलेली चटणी मिठावरच टिकते. त्यापेक्षा वर्षाची चटणी कोरडी करा : नुसती मिरची, भाजलेला खडा मसाला, धणे, तीळ, खोबरं. मीठ नको, कांदा-लसूणही नको. बरणीत हिंगाचे खडे घालून ठेवा. मग दर पंधरवड्याला त्यातली वाटीभर घेऊन लसूण आणि तळलेला कांदा घालून कुटायची आणि फ्रीजमध्ये ठेवायची. मीठ फक्त भाजीत.

मिरची निम्मी ब्याडगी घ्या, रंग येतो आणि तिखट आटोक्यात राहतं. प्रमाण सासूबाईंनाच विचारा, वजनावर जाऊ नका. आणि कुटायला नवऱ्याला बसवा.

---

पेठेतली_सून

विचारलं. म्हणाल्या, "कोरडी चटणी माझी सासू करायची." शनिवारी लक्ष्मीपुरीत मिरची बघायला जातोय. दोघी.