मलय लग्नातली ताटं: मुलीकडून जास्त का?

भटकभवानी:
क्वालालंपूरच्या ऑफिसातल्या मलय मैत्रिणीचं लग्न आहे, तिने विचारलं आमच्याकडचं एक ताट धरशील का, मी लगेच हो म्हणून बसले. आता कळतंय की मुलाकडून 7 आणि मुलीकडून 9 ताटं. हा हुंड्याचा प्रकार आहे का? आणि विड्याच्या पानांचं एक ताट असतं म्हणे, ते खायचं असतं का?

निवांत:
हुंडा नाही हो, पैसे उलट मुलाकडून येतात. मास काहविन म्हणजे मेहर, नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, ते निकाहला धर्मानेच लागतं. वांग हंतारान, म्हणजे मुलाकडून मुलीकडच्यांना देतात ते पैसे, वेगळं, ती नुसती रीत, पण खरी घासाघीस त्यावरच चालते. ताटं म्हणजे एकमेकांना भेटी. तो तिला कापड, चपला, पर्स, अत्तर देतो, ती त्याला कापड, घड्याळ वगैरे, केक-फळं-चॉकलेट दोन्हीकडे. मुलीकडची बहुतेक दोनने जास्त, 5 ला 7, 7 ला 9. आकडा विषमच, इस्लाममध्ये विषम संख्या चांगली मानतात म्हणून असं बरेच जण सांगतात. हल्ली भाड्याच्या अ‍ॅक्रिलिक ताटांत नवा फोन पण सजवून ठेवतात, मला ते शोरूमसारखं वाटतं पण असो.

पानसुपारी:
पानं खाऊ नका 😄 ते सिरिह जुन्जुंग, पानं मनोऱ्यासारखी रचून फुलं खोचलेली असतात, शोभेचं, आणि सगळ्या ताटांच्या पुढे तेच चालतं. तेपाक सिरिह निराळं, तो लाकडी नाहीतर पितळी डबा, आत छोट्या डब्यांत सुपारी, चुना, गाम्बिर (काताचाच भाऊ), लवंग, तंबाखू. मागणी घालायला जाताना मुलाकडचे हा डबा पुढे करतात, मग दोन्हीकडची मोठी माणसं पांतुन म्हणजे चार-चार ओळींचे जुळवलेले श्लोक म्हणत बोलणी करतात, तासभर तरी सरळ कोणी विचारत नाही की मुलगी देता का. मला तर अख्ख्या लग्नात हाच भाग सगळ्यात भारी वाटतो, ताटं काय दुकानातनं पण येतात.

भटकभवानी:
वा! मग पिवळ्या भाताचं ते उंच ताट कसलं?

पानसुपारी:
पुलुत कुनिंग, हळदीचा चिकट भात, आणि पाय असलेलं ताट म्हणजे पहार. भातात खोचलेल्या कागदी फुलांना उकडलेली अंडी बांधतात, बुंगा तेलूर, ती पाहुण्यांना वाटतात. ती मात्र खा.

निवांत:
आणि मैत्रिणीला रंग विचारून घ्या, ताटं धरणाऱ्या बऱ्याचदा एकाच रंगाच्या बाजू कुरुंगमध्ये (मलय बायकांचा लांब झगा-स्कर्टचा पारंपरिक पोशाख) असतात.