डिस्नेलँड – 1 दिवस पुरेल का 2? हॉटेल तिथलंच घ्यावं का? प्लीज लवकर सांगा

सायली_कोथरूड
नमस्कार, दिवाळीच्या सुट्टीत डिस्नेलँडला जायचंय, विमानाची तिकिटं काढून झालीत. पार्कचं तिकीट 1 दिवसाचं काढू का 2 दिवसांचं आणि डिस्नेच्याच हॉटेलात राहावं का बाहेर, एवढंच विचारायचंय. हॉटेलचे रेट रोज बदलतायत, काल बघितलेली रूम आज दिसतच नाहीये, नवरा म्हणतोय आज रात्री बुक करून टाकू. ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज पटकन सांगा.

भटक्या_विनू
कुठलं डिस्नेलँड? पॅरिस, टोकियो, हाँगकाँग, शांघाय, अमेरिकेत दोन. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. आणि किती जण, मुलं केवढी?

नाशिककर
पॅरिस असेल तर 2 दिवस पाहिजेतच कारण तिथे दोन पार्क आहेत. शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट मिळाली का तुम्हाला? आम्हाला दीड महिना मिळत नव्हती.

सायली_कोथरूड
अहो हाँगकाँग, लिहायचं राहिलं. आम्ही 5 जण, दोन मुलं. पण मुख्य प्रश्न हॉटेलचा आहे.

टोकियोप्रेमी
हाँगकाँगचं पार्क फार छोटं आहे हो. टोकियोला जा, तिथे डिस्नेलँड 1983 पासून आहे आणि शेजारी 2001 चं डिस्नेसी, तसं पार्क जगात दुसरीकडे नाही. आमची मुलं अजून नाव काढतात. एकदाच खर्च करायचा तर नीट करावा.

भटक्या_विनू
@टोकियोप्रेमी त्यांची विमानाची तिकिटं झालीयेत, आता टोकियो कुठून आणणार. आणि छोटं पार्क म्हणजे वाईट नव्हे, लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर मी म्हणेन छोटंच बरं.
सायली, मुलांची वयं आणि उंची सांग. वयापेक्षा उंची महत्त्वाची आहे तिथे, राइडला उंचीची अट असते.

सुगरणकाकू
अगं खाण्याचं काय करणार आहेस? आम्ही शाकाहारी, मी 40 दशम्या, मेतकूट, भाजणीचा चिवडा आणि लसणाची कोरडी चटणी नेली होती. दशम्या दुधात भिजवून केल्या की चार दिवस छान राहतात. चिमशाचुईला (हाँगकाँग शहरातला भाग) भारतीय हॉटेलं आहेत पण रोज छोले खाऊन पोरं कंटाळतात. इलेक्ट्रिक किटली घे, हॉटेलातली किटली मी वापरत नाही.

सायली_कोथरूड
काकू थँक्यू, दशम्या नक्की करते. मुलगा 9 वर्षांचा, मुलगी 4 ची. उंची आत्ता भिंतीला लावून मोजली, मुलगा 131, मुलगी 98. सासूबाई आहेत बरोबर, त्यांचे गुडघे दुखतात, जास्त चालवत नाही. 12 नोव्हेंबरला मुंबईहून निघायचं, 5 रात्री.

भटक्या_विनू
हे आधी सांगायला हवं होतं! मग माझं मत असं, 2 दिवस. एक दिवस धावपळ करून होतो, पण सासूबाई आणि 4 वर्षांची मुलगी दोघींना दुपारी पडायला लागेल, आणि रात्रीचा मोमेन्टस शो तर पाहायलाच हवा, किल्ल्यावर आकृत्या, कारंजी, आतषबाजी, आमची मुलगी अख्खा वेळ माझ्या खांद्यावर बसून बघत होती. एकाच दिवसात सगळं केलं की त्या वेळेपर्यंत पोरं झोपलेली असतात. ग्रिझली गल्चच्या खाणगाडीला 112 सेंटीमीटर लागतात, आरसी रेसरला 120, म्हणजे मुलाचं सगळं जमेल. हायपरस्पेस माउंटनला 102, तिथे मुलगी अडकेल. तिला आधीच समजावून ठेव, दारात काठीने मोजतात आणि बूट उंच घालून काही उपयोग होत नाही. मिस्टिक मॅनर या राइडला उंचीची अट नाही, सासूबाईंसकट सगळे जा. पार्कमधला फ्रोझन सिनेमावरचा विभाग 2023 च्या नोव्हेंबरात सुरू झाला, त्यातल्या होडीत मुलगी बसू शकते, सकाळी गेट उघडल्या उघडल्या तिकडेच जायचं कारण नंतर रांग हलत नाही.
दरवाज्याजवळ व्हीलचेअर भाड्याने मिळते, ती घ्या. सासूबाई नको म्हणतील, तरी घ्या.

नाशिककर
मी तर म्हणतो टूर कंपनीकडूनच जा. सगळं हातात मिळतं, मराठी जेवण, गाइड, मुलांकडे लक्ष. ज्येष्ठ माणूस बरोबर असताना स्वतः कशाला भानगड.

दर्यावर्दी
@नाशिककर आम्ही टूरबरोबर गेलो होतो, नाव घेत नाही, पण डिस्नेला सकाळी साडेदहाला सोडलं आणि साडेसहाला बसमध्ये बोलावलं. रात्रीचा शो राहिला तो राहिला. माझ्या आईला ग्रुपच्या वेगाने चालताच येत नव्हतं आणि ती सगळ्यांची माफी मागत फिरली, मला ते अजून लागतं. स्वतः गेलं की पाहिजे तिथे बसता येतं.

नाशिककर
एका कंपनीचा अनुभव म्हणजे सगळ्या तशा नाहीत. आमच्या आईवडिलांना उचलून घेतल्यासारखं नेलं होतं.

टोकियोप्रेमी
टोकियोतही व्हीलचेअर मिळते.

हाँगकाँगवासी
मी तुंग चुंगला राहतो, डिस्नेच्या बाजूलाच म्हणा. हॉटेलचं सांगतो. रिसॉर्टमध्ये तीन हॉटेलं आहेत, तिन्हीकडून पार्कला फुकट बस जाते, आणि सासूबाईंना दुपारी रूमवर सोडून परत येता येतं हा खरा फायदा आहे. पण 5 रात्री तिथे राहू नका, आजूबाजूला दुसरं काही नाही, भाजी घ्यायलासुद्धा दुकान नाही. 2 रात्री डिस्ने, 3 रात्री चिमशाचुई असं करा. एअरपोर्टवरून थेट मेट्रो नाही, एस 1 बसने तुंग चुंग, तिथून एक स्टेशन सनी बे, मग मिकीच्या आकाराच्या खिडक्यांची गाडी. मुलांना ती गाडीच फार आवडते. सामान जास्त असेल तर टॅक्सी, पण काही टॅक्सीत 4 च माणसं घेतात आणि लहान मूलही माणूस धरतात, तुम्ही 5 आहात, 5 सीटची टॅक्सी मागा. पार्कचं तिकीट तारखेचं असतं, शनिवार रविवार टाळा. सासूबाई 60 च्या वर असतील तर त्यांचं तिकीट खूप स्वस्त आहे, मुलीचं मात्र लागेल, 3 च्या खालच्यांनाच फुकट.
आणि सगळ्यांचं पीएआर केलंत ना?

सायली_कोथरूड
खूप खूप धन्यवाद, हेच हवं होतं!! सासूबाई 68 आहेत. पीएआर म्हणजे काय? एजंट म्हणाला हाँगकाँगला भारतीयांना व्हिसा लागत नाही.

हाँगकाँगवासी
ताई, हॉटेल बुक करू नका, आधी हे करा. व्हिसा लागत नाही हे बरोबर, 14 दिवसांपर्यंत राहता येतं, पण 2017 च्या जानेवारीपासून भारतीय पासपोर्टला आधी ऑनलाइन नोंदणी, म्हणजेच पीएआर, करावी लागते. इमिग्रेशन खात्याच्या स्वतःच्या साइटवर फुकट होते, पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका. प्रत्येकाची वेगळी, 4 वर्षांच्या मुलीचीसुद्धा. नाव पासपोर्टवर जसं आहे अक्षर अन् अक्षर तसंच. बहुतेकदा उत्तर लगेच येतं, ती पावती ए 4 कागदावर प्रिंट करून बरोबर ठेवायची, ती नसेल तर मुंबईलाच विमानात चढू देत नाहीत. 6 महिने चालते, मकावला जाऊन परत आलात तरी तीच. पासपोर्ट मात्र किमान 6 महिने व्हॅलिड हवा.

भटक्या_विनू
हे मी सांगायला पाहिजे होतं, उंचीच्या नादात राहिलं. सायली, सगळ्यांच्या पासपोर्टच्या एक्सपायरी बघ आत्ता.

सायली_कोथरूड
बघितल्या. आम्हा चौघांचं झालं, नोंदणी पण झाली, प्रिंट काढल्या. सासूबाईंचा पासपोर्ट फेब्रुवारीत संपतोय. आता काय करू? त्यांच्यासाठीच तर ट्रिप ठरवली होती, सासरे गेल्यापासून घराबाहेर पडल्या नाहीयेत. त्यांना अजून सांगितलं नाहीये.

नाशिककर
माझा साडेपाच महिने राहिला होता बँकॉकला जाताना, कोणी विचारलं नाही. जाऊ द्या तसंच.

हाँगकाँगवासी
@नाशिककर दादा, बँकॉकचं इथे चालत नाही, नोंदणीच होणार नाही. कृपया असं सांगू नका, 68 वर्षांच्या बाईंना एअरपोर्टवरून परत पाठवतील.

दर्यावर्दी
सायली, घाबरू नकोस, वेळ आहे. तत्काळमध्ये री-इश्यू टाक. 36 पानी पासपोर्टला 1500 अधिक तत्काळचे 2000, एकूण 3500. मुंढव्याच्या सेवा केंद्राची अपॉइंटमेंट घे, ऑनलाइन फॉर्म भरताना जुन्या पासपोर्टवरचं नाव बघूनच भर. आईच्या वेळी तत्काळमध्ये पोलीस पडताळणी पासपोर्ट हातात आल्यावर झाली होती. पत्ता बदललाय का? आधार कुठलं आहे?

सायली_कोथरूड
पासपोर्टवर पत्ता साताऱ्याचा आहे, आधार मागच्या वर्षी पुण्याचं केलं.

दर्यावर्दी
मग फॉर्ममध्ये पुण्याचाच टाक, आधार आणि जुना पासपोर्ट दोन्ही मूळ घेऊन जा. त्यांना बरोबर यावं लागेल, सकाळची वेळ घे, खुर्ची मिळते. नवीन नंबर आला की एअरलाइनला फोन करून तिकिटावर बदलून घे, आणि पीएआर नवीन नंबरवरच कर, आत्ता जुन्यावर प्रयत्नच करू नकोस.

सुगरणकाकू
त्यांना आजच सांग ग. लपवू नकोस, त्यांना वाटेल आपल्यामुळे अडलं. मी तुला दशम्यांचं प्रमाण उद्या टाकते.

सायली_कोथरूड
सांगितलं. आधी म्हणाल्या तुम्ही जा, मी घर बघते. मग मुलीने भिंतीवरची 98 ची खूण दाखवली आणि आजी तू पण उभी राहा म्हणाली, तेव्हा कपाटातून जुना पासपोर्ट स्वतःच काढून आणला. मुंढव्याची मंगळवारी 9:45 ची अपॉइंटमेंट मिळालीये. पासपोर्ट आला की इथेच कळवते. हॉटेल फुकट कॅन्सल होणारं बघतेय, 2 रात्री डिस्ने, 3 चिमशाचुई. आता एवढंच सांगा, डिस्नेच्या रात्री आधी ठेवू का शेवटी?

हाँगकाँगवासी
आधी. पण पहिल्या दिवशी पार्कचं तिकीट काढू नका. विमान सहा तासांचं आणि वर अडीच तास घड्याळ पुढे जातं, सासूबाईंना त्या दिवशी नुसती झोप काढू द्या.