मानेच्या धमनीत ७५ टक्के अडथळा: त्रास थांबला आहे, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी का?

सोलापूरकर:
माझे वडील ७२ वर्षांचे असून त्यांना मधुमेह आणि रक्तदाब आहे. गेल्या आठवड्यात त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे पडदा उतरल्यासारखा अंधार आला आणि पाच-सात मिनिटांत नजर पूर्ववत झाली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मानेचा डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करायला सांगितला, त्यात उजव्या कॅरोटिड धमनीत ७५ टक्के अडथळा निघाला. धमनी उघडून आतला थर काढण्याची शस्त्रक्रिया सुचवली आहे, पण आता काहीच त्रास नसल्याने घरातील मोठी मंडळी दिवाळीनंतर बघू म्हणत आहेत. थांबावे का?

मेंदूविकार_डॉक्टर:
कृपया थांबू नका. धमनीच्या आतील चरबीचा थर फाटला की त्यावर गुठळी धरते आणि तिचा कण सुटून त्याच बाजूच्या डोळ्यात किंवा मेंदूत जातो. या वेळी डोळ्यातला रक्तप्रवाह लगेच सुरू झाला, पण मानेतला थर आहे तिथेच आहे. अशा झटक्यानंतरचे पहिले काही दिवस सर्वांत धोक्याचे असतात, म्हणून प्रकृती साथ देत असेल तर दोन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी, असे मानतात. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील अभ्यासात, लक्षणे आणि ७० टक्क्यांहून अधिक अडथळा असलेल्या रुग्णांपैकी केवळ औषधांवर ठेवलेल्या २६ टक्के जणांना दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला. शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. लक्षणे नसताना अडथळा सापडला असता, तर विचार वेगळा झाला असता. सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) करून टक्केवारीची खात्री करून घ्या. रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची औषधे मात्र स्वतःहून बंद करू नका.

मुलगी_नाशिकची:
माझ्या आईची हीच शस्त्रक्रिया फक्त मान बधिर करून झाली. धमनी चिमट्याने बंद असताना तिच्या विरुद्ध बाजूच्या हातात आवाज करणारे रबरी खेळणे दिले होते. ते ती दाबत राहिली, म्हणजे मेंदूला रक्त पोहोचत आहे हे सर्वांना कळत होते.

सोलापूरकर:
मनापासून आभार. स्टेंट टाकून भागणार नाही का?

मेंदूविकार_डॉक्टर:
सत्तरीनंतर स्टेंट टाकताना पक्षाघाताचा धोका शस्त्रक्रियेपेक्षा जास्त आढळतो. हृदय फार कमजोर असेल किंवा मानेला पूर्वी रेडिएशन दिले असेल, तर स्टेंटचा विचार होतो. शल्यविशारदांना त्यांच्या स्वतःच्या रुग्णांत पक्षाघात व मृत्यूचे प्रमाण किती आहे, हे अवश्य विचारा. ते ६ टक्क्यांच्या आत असायला हवे. दरम्यान तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर दवाखान्याची वेळ होण्याची वाट न पाहता सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात थेट न्या.