‘लिमा’ : हात, पाच की नांगरट?

खारावारा : एका हवाईयन गोष्टीचं मराठी करतोय. तिथे लिमा म्हणजे हात, आणि तोच शब्द ‘एलिमा’ होऊन पाच. नातू नुसता हात वर करतो आणि आजीला उत्तर मिळतं. मराठीत ही गंमत कशी आणू? तळटीपेत ‘फिलिपिनोही हाताला लिमाच म्हणतात’ असं ठोकून दिलं होतं. जहाजावरच्या जुन्या फिलिपिनो बोसनला (खलाशांच्या मुकादमाला) विचारलं तर म्हणाला, छे! लिमा फक्त पाच, हात म्हणजे ‘कामाय’. (मला आधी वाटलं, काम आहे म्हणतोय.)

जोंधळा : तो तागालोग बोलणारा असणार. फिलिपिन्सच्याच दुसऱ्या भाषेत, इलोकानोत, हात ‘इमा’, पाच ‘लिमा’. मूळ एकच. तागालोगने हाताला दुसरा शब्द घेतला, आकडा तेवढा ठेवला. हवाईत बोटं म्हणजे ‘मानामाना लिमा’, हाताच्या फांद्या! शुक्रवार ‘पोआलिमा’.

मोंबासावाले काका : आमची अर्धी हयात केनियात गेली. तिथल्या स्वाहिलीत लिमा म्हणजे जमीन कसणे. म्कुलिमा म्हणजे शेतकरी. पाचाला ‘तानो’. हातानेच कसतात ना? म्हणजे आलंच सगळं एकात. म्लिमा म्हणजे डोंगर, तोही माती उपसूनच झाला असेल!

जोंधळा : काका, हे म्हणजे आपला ‘मामा’ आणि स्वाहिलीतली ‘मामा’ म्हणजे आई, यांचं नातं जुळवणं झालं. स्वाहिलीचं बांटू हे भाषाकुळच वेगळं. खरी मौज मादागास्करची. आफ्रिकेपासून सुमारे 400 किमी, पण पाच म्हणजे ‘दिमी’, म्हणजे लिमाच. भाषा बोर्निओकडून आलेली.

काका : मग किलिमांजारो?

जोंधळा : ‘किलिमा’ म्हणजे टेकडी. ‘कि’ लावला की वस्तू लहान होते. 5,895 मीटरची टेकडी!

खारावारा : माझी गोष्ट राहिली. ‘पंजा’ चालेल?

शुद्धमती : पंजा फारसी. ‘पाचुंदा’ असताना उसनवारी कशाला?

जोंधळा : पाचुंदा कडब्याचा, ताई. पाच पेंढ्या. पोराच्या हाताला कसा लावणार? पंजात पाच आणि हात दोन्ही येतात, फक्त उलट्या दिशेने. पत्त्यात पंजी म्हणताना फारसी आठवते का कुणाला?

शुद्धमती : आमच्याकडे पत्ते खेळत नाहीत.

काका : पंजा नको. पोराने पंजा वर केला की लोक मत कुणाला ते विचारतील.